बाबांचा जिंकत आलेला डाव

आमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तेव्हा बाबा जिंकत होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यामुळे घडलं. एरवी मी काय केलं असतं? कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकली असती, चार दिवस 'बघू, बघू' म्हटलं असतं, आणि एके दिवशी मी कामावर गेल्यावर बायकोने गुपचूप दुरुस्तीवाल्याला बोलावलं असतं. आमच्या घरातल्या पंख्यापासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळ्या वस्तू याच पद्धतीने दुरुस्त होतात. संध्याकाळी मी घरी आलो की पंखा फिरत असतो आणि मी म्हणतो, "बघ, आपोआप सुरू झाला की नाही?" बायको काही बोलत नाही. आमचा संसार तिच्या या न बोलण्यावर उभा आहे.

पण या वेळी बाबा जिंकत होते, आणि तेही खिळेवाल्या काकांशी.

बाबा आणि खिळेवाले काका एकाच छापखान्यात होते. काका शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायचे, बाबा मुद्रितं तपासायचे, म्हणून काका त्यांना 'शोधक' म्हणायचे. म्हणजे एकाने चुका करायच्या आणि दुसऱ्याने त्या शोधायच्या, अशी त्यांची जन्मभराची भागीदारी. बुद्धिबळात मात्र उलटं होतं. तिथे चुका बाबा करायचे आणि काका त्या शोधायचे. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत सुरू झालेला हा खेळ दोघं निवृत्त झाले, काका मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले, तरी थांबला नाही. आधी टपालाने चालायचा, आता ईमेलने चालतो. आणि इतक्या वर्षांत बाबांनी काकांना एकदाही हरवलेलं नाही. बरोबरी दोनदा झाली. त्यातल्या एकदा काकांना ताप होता.

या खेळाचे नियम दोघांनी मिळून ठरवलेत आणि ते घटनेइतके कडक आहेत. खेळी लेखीच कळवायची आणि आपल्या नेहमीच्याच पत्त्यावरून. पंधरवड्यात खेळी गेली नाही तर डाव हरला. डाव चालू असताना फोन करायचा नाही. फोनबंदीचं कारण असं, की एकदा दोघं फोनवर बोलले होते तेव्हा छापखान्यात एक मथळा उलटा छापला गेला तो कुणामुळे, या विषयावर गाडी घसरली आणि डाव दोन महिने लांबला. मथळ्याचा निकाल अजून लागलेला नाही.

पूर्वी बाबा खराखुरा पट मांडून ठेवायचे. एकदा बायकोने टेबल पुसताना मोहरे उचलले आणि "अगदी जसेच्या तसे" परत मांडले. बाबा येऊन बघतात तो त्यांचा घोडा काकांच्या राजाला खेटून बसलेला. तेव्हापासून डाव कॉम्प्युटरवर गेला. एक फुकटातला बुद्धिबळाचा प्रोग्राम मी त्यात घालून दिला, काकांनीही तोच घेतला. त्यात पट दिसायचा, खेळी केली की लक्षात राहायची, आणि सुरुवातीपासूनचा सगळा डाव पुन्हा बघता यायचा. बाबा रोज सकाळी पेपर वाचावा तसा तो डाव पहिल्या खेळीपासून वाचायचे. आणि या डावात, काय झालं कोण जाणे, काकांनी आधी एक उंट फुकट घालवला आणि मग वजीर भलत्याच कोपऱ्यात नेऊन ठेवला. बाबांना चार खेळ्यांत मात दिसत होती. घरात त्यांनी आवाजही खाली आणला होता. जिंकणारा माणूस पाय न वाजवता चालतो, हे मी तेव्हा प्रथम पाहिलं.

आणि अशात एके सकाळी कॉम्प्युटरमधून एका बाईचा आवाज आला, "अभिनंदन!"

बाबांनी नुकताच हत्ती हलवून पाहिला होता. त्यांना वाटलं, प्रोग्रामला खेळी आवडली. त्यांनी मान लववून अभिनंदन स्वीकारलंही. मग बाई पुन्हा म्हणाली, "अभिनंदन!" आणि पटाच्या बरोबर मधोमध एक खिडकी उघडली. तिच्यात नाचणारी अक्षरं होती : 'आपले संगणक गंभीर आजारी झाली आहे, येथे दाबून बरे व्हा.' बाबा धमकीला घाबरले नाहीत, भाषेला घाबरले. मला हाक मारून म्हणाले, "अरे, हे कुणी तपासलंय?"

मी खिडकी बंद केली. तिच्या जागी दोन उघडल्या. त्या बंद केल्या तेव्हा एका कोपऱ्यात वजन कमी करण्याच्या गोळ्या आल्या, दुसऱ्यात एक चकचकीत मोटार आली आणि पटाचा फक्त एक रकाना उरला, ज्यात बाबांचं एक प्यादं केविलवाणं उभं होतं. बाई अभिनंदन करतच होती. कॉम्प्युटरने एवढं कौतुक आमच्या घरात कुणाचं कधी केलं नव्हतं.

दुपारी आत्याचा फोन आला. "दादा, त्या गोळ्या तू स्वतः घेतोयस का?" मग बाबांच्या जुन्या मालकांचा फोन आला. या वयात जोडधंदा सुरू केल्याबद्दल त्यांनी बाबांना शुभेच्छा दिल्या आणि गोळ्या नकोत म्हणून कळवलं. आमच्या लक्षात आलं, की बाबांच्या पत्त्यावरून ओळखीच्या सगळ्यांना आपोआप ईमेलं जात आहेत. बाबांची स्वतःची प्रकृती मिटलेल्या छत्रीसारखी, त्यामुळे ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांचा गोळ्यांवर पटकन विश्वास बसत होता.

"हे मी दुरुस्त करणार," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात पंखा होता, पाण्याची मोटार होती, स्नानगृहाची कडीही होती. पण मी ठरवलंच होतं. बाबांच्या पुढच्या खेळीला अजून पंधरवडा होता, आणि आयुष्यात एकदा जिंकायला आलेला माणूस एका अदृश्य बाईमुळे हरावा हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

आमच्या इमारतीत कुणाकडे काय बिघडलं हे बिघडण्याच्या आधी कळतं. वरच्या मजल्यावरचे मॅनेजर आले. ते बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सल्ला देण्यातून निवृत्तीचं वय अजून ठरायचंय. त्यांनी कॉम्प्युटरच्या चारी बाजूंनी फेरी मारली, मागच्या वायरींना बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "तारीख मागे घ्या. व्हायरसला वाटेल अजून आपली वेळ आली नाही. आमच्या शाखेत असंच केलं होतं."

"मग गेला का?"

"शाखाच बंद झाली हो नंतर. पण कारण वेगळं होतं."

मी तारीख मागे घेतली. व्हायरसला काही वाटलं नाही, मात्र पाण्याच्या बिलाची मुदत संपल्याची आठवण पुन्हा नव्याने आली. मग समोरच्या वहिनी आल्या. त्यांचं म्हणणं, काही दिवस प्लगच काढून ठेवा, आत खायला मिळालं नाही की मरेल. हे मी हसून सोडून दिलं आणि मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून दोन दिवस प्लग काढून ठेवला. तिसऱ्या दिवशी बाईचा आवाज उलट अधिक टवटवीत आला.

तेव्हा मी फुकटातले तीन व्हायरसमारे आणून कॉम्प्युटरमध्ये सोडले. हे तिघं आत गेल्या गेल्या एकमेकांनाच व्हायरस समजायला लागले. पहिला म्हणे दुसरा धोकादायक आहे, दुसरा म्हणे तिसऱ्याला काढा, आणि तिसरा पैसे मागायला लागला. या सगळ्या हाणामारीत मूळ चोर बाजूला उभा राहून अभिनंदन करत होता. शेवटी एकाला ठेवून मी बाकीच्यांना हाकललं. त्याला मी फक्त एक अट घातली : बुद्धिबळाच्या फोल्डरला हात लावायचा नाही. तशी सोय असते. कुठे काय शोधू नये हे आपण त्याला आधी सांगून ठेवू शकतो. या बथ्थडाने बाबांचा डाव संशयावरून खाऊन टाकला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? त्याने आज्ञा पाळली, बाकीचं घर धुंडाळलं, सतरा वस्तू फेकल्या आणि 'सर्व काही ठीक' असा हिरवा शेरा दिला. त्या शेऱ्यावरच बाईची खिडकी उघडली.

मग कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फॉरमॅट करू. सगळं पुसायचं, नव्याने भरायचं. काही ठेवायचं असेल तर पेनड्राइव्हवर घेऊन या." मी बुद्धिबळाचं फोल्डर, बाबांच्या सगळ्या डावांसकट, पेनड्राइव्हवर घेतलं. पेनड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वाटेत तीनदा चाचपून पाहिला. कॉम्प्युटर पुसला. घरी आणला. बुद्धिबळ परत घातलं. डाव उघडला, सगळे मोहरे जागच्या जागी, पट स्वच्छ, घरात शांतता. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मी जेवताना दोनदा सांगितलं, की अवघड असं काही नसतं, माणसाने चिकाटी धरायला हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाली, "अभिनंदन!"

दुकानदाराने पुन्हा फॉरमॅट केलं. व्हायरस पुन्हा आला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुकानात बरीच माणसं होती. दुकानदाराने कॉम्प्युटर घेतला, माझ्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "साहेब, राग मानू नका. घरात रात्री कुणी काय काय बघतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तसं काही. होतं हो. माणूसच आहे."

दुकानातली सगळी गर्दी एकाएकी वायरींचे भाव बघायला लागली. मी सांगितलं, की आमच्या घरात वडील बुद्धिबळ खेळतात, बायको वीजबिल भरते आणि मी हवामान बघतो. दुकानदार म्हणाला, "हवामानच, बरोबर," आणि एक माणूस खोकला. इतकी वर्षं या गल्लीतून मी मान वर करून गेलो होतो. घरी येऊन बायकोला ही हकीकत सांगितली ती सहानुभूतीच्या अपेक्षेने. ती म्हणाली, "पण तुम्ही हवामान इतक्यांदा कशाला बघता?" संध्याकाळी मॅनेजर जिन्यात भेटले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून नुसतेच "असो" म्हणाले. तो 'असो' मला अजून टोचतो.

आणि याच सुमारास इंटरनेट बंद झालं.

इंटरनेट कंपनीच्या कचेरीत चौकशीच्या खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या. त्यांनी पडद्यावर बघून सांगितलं, "तुमच्या घरातून कचरा बाहेर पडतोय."

मी म्हटलं, "तो आम्ही टाकत नाही. तो आमच्यावर पडलाय."

"ते वेगळं. बाहेर तुमच्या नावाने पडतोय. लाइन बंद केली आहे. मेलबॉक्सही बंद. कॉम्प्युटर स्वच्छ असल्याचं स्वतःहून लिहून द्या, लाइन सुरू होईल."

"द्या कागद."

"कागद नाही. ऑनलाइन भरायचं."

"लाइन बंद आहे ना?"

"सुरू झाली की भरा."

"भरल्यावर सुरू होणार ना?"

बाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, वर्गातल्या एका मुलाला गणित कळलं की मास्तर पाहतात तसं. "अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. मी म्हटलं इथूनच भरतो. तर ते ज्याच्या त्याच्या लाइनवरूनच भरायचं असतं. शेजाऱ्याच्या लाइनवरून? नाही. मग मी वरिष्ठांकडे गेलो. वरिष्ठ जेवायला गेले होते. मी थांबलो. ते जेवून आले आणि बैठकीला गेले. मी थांबलो. ते बैठकीहून आले आणि घरी जायला निघाले. मी दारात उभा राहिलो. आयुष्यात मी कुणाची वाट अशी अडवली नव्हती. मला वाटतं माझ्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं दिसलं असणार, कारण त्यांनी बॅग खाली ठेवली.

मी त्यांना सगळं सांगितलं. बाबा, काका, उंट, वजीर, मुदत. वरिष्ठ म्हणाले, "दुसऱ्या पत्त्यावरून कळवा की खेळी." मी सांगितलं, की नियमात नेहमीचाच पत्ता आहे, आणि काकांच्या मुलाने त्यांना बजावलंय की अनोळखी पत्त्यावरून काही आलं तर उघडायचं नाही. "मग फोन करा." मी मथळ्याची हकीकत सांगायला लागलो तेव्हा त्यांनी हात वर केला. म्हणाले, "एक दिवस लाइन सुरू करतो. आम्ही इथून बघू. दिवसभरात एकही कचऱ्याचं ईमेल बाहेर गेलं नाही तर कायम सुरू, मेलबॉक्सही उघडतो. एक जरी गेलं तरी महिनाभर मला तोंड दाखवू नका. कधी सुरू करू ते कळवा."

महिनाभर म्हणजे डाव हरलाच. पंधरवडा संपत आला होता. घरी आल्यावर बाबांनी काही विचारलं नाही, पण त्यांनी खुर्ची कॉम्प्युटरसमोरून खिडकीकडे फिरवून ठेवली होती. "जाऊ दे रे," ते म्हणाले. "हरायची सवय आहे मला." हे ते साधेपणाने म्हणाले, पण मला ते फार लागलं. मी कामावरून रजा घेतली. कारण लिहिलं 'घरगुती आजारपण', आणि ते खोटं नव्हतं.

आता मात्र मी कुणाचा सल्ला घेणार नव्हतो. मॅनेजर दारात आले तेव्हा बायकोने त्यांना परस्पर सांगितलं, की हे झोपलेत. मी जागा होतो, सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी तिच्या मागेच उभा होतो. मॅनेजर समजून गेले आणि गेले. मग मी कॉम्प्युटर स्वतः पुसला, कोरा. आणि एकेक गोष्ट आत घालायची, ती उघडायची आणि वाट बघायची, असं सुरू केलं. आधी नुसताच कोरा कॉम्प्युटर घेऊन बसलो. बाई आली नाही. सीडीवर ठेवलेली बिलं घातली. आली नाही. फोटो घातले, जुनी गाणी घातली, बायकोच्या विणकामाचे नमुने घातले. प्रत्येक वेळी मी हातावर हात ठेवून बसायचो आणि बायको दारातून विचारायची, "झालं का अभिनंदन?" मी मान हलवायचो. संध्याकाळ झाली. आता पेनड्राइव्हवरची एकच गोष्ट उरली होती.

बाबा शेजारी येऊन बसले. मी बुद्धिबळाचं फोल्डर आत घेतलं आणि डाव उघडला. मोहरे आले. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलत होतं. आणि मग ती बोलली.

"अभिनंदन!"

इतके दिवस मी जो चोर शोधत होतो त्याला मीच आतल्या खिशात घालून, चाचपत चाचपत, दर वेळी घरी परत आणत होतो. व्हायरसमाऱ्याला मीच सांगितलं होतं, की सगळं घर शोध पण त्या खोलीत जाऊ नकोस. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. पण हा प्रोग्राम तर कित्येक वर्षांचा, आता एकाएकी कसा बिघडला?

बाबा घसा खाकरून म्हणाले, "मागे एकदा त्याने विचारलं होतं, नवी सुधारित आवृत्ती आली आहे, घ्यायची का म्हणून."

"आणि तुम्ही?"

"होय म्हटलं. सुधारित आवृत्ती कुणी नाकारतं का? आम्ही जन्मभर तेच केलं." मग जरा थांबून, "त्यालाही पाठवली. खिळेवाल्याला. दोघांकडे वेगवेगळी आवृत्ती असणं बरोबर दिसत नाही."

बाबांचा चेहरा इतका उतरला होता, की दुकानातला तो खोकणारा माणूससुद्धा मी त्या क्षणी माफ केला. चूक शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाने चूक छानपैकी घरात घेतली होती आणि मित्रालाही सप्रेम पाठवली होती. बायको म्हणाली, "बाबा, डाव कागदावर उतरवून घेऊ या ना. मग हा प्रोग्राम टाकूनच देऊ."

"नुसती आताची मांडणी उतरवली तर चालेल," मी म्हटलं.

"नाही चालणार," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात पुन्हा जोर आला होता. "पहिल्या खेळीपासून पाहिजे. जिंकलो तर एकदाच जिंकणार आहे मी. ते काय शेवटच्या पानापुरतं ठेवू?"

तेव्हा आम्ही बसलो. बाबा एकेक खेळी मागे नेत होते आणि मोठ्याने सांगत होते, मी लिहीत होतो. बायको माउस हातात घेऊन पटावर उघडणाऱ्या खिडक्या बाजूला सारत होती. पदर खोचून ती त्या खिडक्यांच्या मागे लागली. मोटार ढकलली की गोळ्या यायच्या, गोळ्या ढकलल्या की बाई, आणि बाईला ढकलेपर्यंत मोटार परत. "लवकर सांगा, घोडा दिसतोय!" ती ओरडायची. बाबा नाक पडद्याला टेकवून म्हणायचे, "घोडा नव्हे, उंट आहे! काढ, काढ ती मोटार काढ!" समोरच्या वहिनी दार वाजवून विचारून गेल्या, की घरात कुणी प्राणी शिरलाय का. मध्ये एकदा बाबांनी माझं लिहिणं थांबवून मला माझ्या अक्षरावरून बोलून घेतलं. असा मजेचा एक तास आमच्या घरात पुष्कळ दिवसांत गेला नव्हता. शेवटी पहिल्या खेळीला पोचलो. सगळा डाव कागदावर आला. बाबांनी तो घेतला, वाचला, दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि मगच मला कॉम्प्युटर पुसायची परवानगी दिली. पेनड्राइव्ह बायकोने हातोडीने फोडला. ते काम तिने मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना कळवलं आणि लाइन सुरू झाली. तो दिवस आम्ही कॉम्प्युटर चालू ठेवून त्याच्याभोवती आजाऱ्याभोवती बसावं तसे बसून काढला. काही झालं नाही. बाई गप्प, मोटार नाही, गोळ्या नाहीत. संध्याकाळी कंपनीचा फोन आला : एकही कचरा नाही, लाइन कायम, मेलबॉक्स उघडला. मी फोन ठेवला आणि कुणाचीही वाट न बघता स्वतःच टाळी वाजवली. पंखा, मोटार, कडी, सगळ्याची भरपाई त्या टाळीत होती. मुदतीचा शेवटचा दिवस उद्या होता. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता.

"उघड," ते म्हणाले. "खेळी पाठवू. हत्ती सातव्या घरात, शह."

मेलबॉक्स उघडला. त्यात काकांचं ईमेल आधीच येऊन पडलं होतं. मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

'शोधक, तू पाठवलेली आवृत्ती चालू केल्यापासून एक बाई माझं सारखं अभिनंदन करत होती. मुलाने शेवटी सगळं पुसून टाकलं, त्यात डाव गेला. हे त्याच्या फोनवरून लिहितो आहे. मी म्हटलं, गेला तर गेला, डोक्यात आहे. पट काढून मांडायला बसलो तर मांडता येईना. पूर्वी मी अख्खा डाव उलट्या क्रमाने म्हणून दाखवायचो, तुला माहीत आहे. दोन दिवस बसलो. माझा वजीर कुठे होता तेही नक्की सांगता येत नाही. घरात कुणाला बोललो नाही, उगीच काळजी करतील. तुझ्याकडे डाव असेल तर तू मांड, तू म्हणशील ते मला मान्य. मला एवढंच पक्कं आठवतंय, की मी जिंकत होतो.'

बाबा पुढे झाले आणि त्यांनी ते पुन्हा स्वतः वाचलं. ते प्रत्येक मजकूर दोनदा वाचतात, एकदा अर्थासाठी आणि एकदा चुकांसाठी. हा त्यांनी तिसऱ्यांदाही वाचला. फुकट गेलेला तो उंट आणि कोपऱ्यात जाऊन बसलेला तो वजीर आता आम्हा दोघांनाही वेगळे दिसायला लागले होते.

मग बाबा म्हणाले, "लिही."

मी हात सरसावले. "हत्ती सातव्या घरात—"

"ते नको. लिही : इथेही सगळं गेलं. आमच्या चिरंजीवांनी दुरुस्तीच्या भरात डावासकट कॉम्प्युटर पुसून टाकला."

"बाबा!" मी खुर्चीतून उठलोच. "अहो, मी वाचवलाय डाव! पहिल्या खेळीपासून! हा काय कागद!"

"लिही म्हटलं ना. त्याला लाख सांगितलं होतं, की हात लावू नकोस. ऐकत नाही. पुढे लिही : मलाही नीट आठवत नाही. पण तू जिंकत होतास, हे मात्र खरं."

मी बायकोकडे पाहिलं. ती डोळ्यांना पदर लावून दुसरीकडे बघत होती. मला माझ्या बाबांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि स्वतःची इतकी कीवही. मी खाली बसलो आणि माझ्याच दोन हातांनी, एकेक अक्षर, लिहिलं की मी सगळं घालवलं. बाबांनी ते तपासलं, एक स्वल्पविराम घातला आणि पाठवायला सांगितलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'वाटलंच मला. मुलाला फार बोलू नकोस, हल्लीच्या माणसांना धीर नसतो. एरवी तुझं काही खरं नव्हतं या वेळी, वाचलास. नवा डाव घे. राजापुढचं प्यादं, दोन घरं.'

बाबांनी हात चोळले, खुर्ची पुढे ओढली आणि कपाटावरून खरा पट काढायला सांगितला. "आपलंही राजापुढचं प्यादं दोन घरं, कळव त्याला," ते म्हणाले, आणि मी लिहीत असताना मागून वाकून पुढे सांगायला लागले, "आणि खाली लिही, की मुलाला कडक ताकीद दिली आहे, यापुढे तो कॉम्प्युटरला हात लावणार नाही."

मी तेही लिहिलं.